कन्फेशन झालंच नसतं तर? : एका पटकथेच्या प्रकल्प नोंदी

१० जानेवारी

आज काम सुरू झालं. दिग्दर्शिका ताईंनी चार ओळींची गोष्ट हातात ठेवली आणि सहा आठवड्यांत वाचण्याजोगा मसुदा मागितला. गोष्ट अशी: चर्चचे हिशेब आणि नोंदवह्या सांभाळणारा एक वयस्कर माणूस घंटाघराच्या जिन्याखाली मेलेला सापडतो. पोलीस म्हणतात, तोल गेला. तिथल्या फादरना ते पटत नाही, कारण गुडघे गेल्यामुळे हा माणूस वर्षभरात त्या जिन्याची एक पायरीही चढला नव्हता. मग एका संध्याकाळी खुनी स्वतःच कन्फेशनला (जाळीआड बसलेल्या धर्मगुरूला आपली पापं गुपचूप सांगायला) येतो आणि सगळं सांगून टाकतो. फादर कुणाला काही सांगू शकत नाहीत. म्हणून ते स्वतः पुरावे शोधायला निघतात.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. उत्तर आधीच माहीत आहे, पण गणित मांडून दाखवायचंय, असा तपास करणारा माणूस. कन्फेशनचा सीन बारावा ठेवतोय.

१६ जानेवारी

वन-लाइन (एकेका ओळीत एकेक सीन) पूर्ण, ६८ सीन. खुनी म्हणजे त्याच चर्चमध्ये लग्न ठरलेला एक तरुण. त्याचं आधी एक लग्न झालेलं आहे आणि हिशेबनिसाला ते कळलं होतं. कन्फेशननंतर फादर त्याच्या मागावर राहतात, त्याच्या खोलीत शिरतात, शेवटी इन्स्पेक्टरला निनावी चिठ्ठी पाठवतात. चिठ्ठीचा सीन आम्हा दोघांनाही सगळ्यात जमलेला वाटतोय. ताई म्हणाल्या, "फादर बोलत पण नाही आणि गप्प पण बसत नाही. छान आहे."

१९ जानेवारी

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवायला हवा.

चर्चचा कायदा अनेक वर्षं शिकवलेल्या एका निवृत्त धर्मगुरूंना वन-लाइन वाचून दाखवली. (नोंदींत गोंधळ नको म्हणून त्यांना 'मोठे फादर' म्हणतो आणि गोष्टीतल्यांना नुसतं 'फादर'.) ते डोळे मिटून ऐकत होते. चौदाव्या सीनला हात वर केला.

"हे त्या मुलाच्या मागे का निघाले?"

"कारण त्यांना माहीत आहे."

"कुठून माहीत आहे?"

"कन्फेशनमधून."

"मग नाही निघू शकत."

मी म्हटलं, पण ते कुणाला सांगत कुठे आहेत? त्यावर त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून दोन कलमं एकाखाली एक वाचली. चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेतलं ९८३वं कलम आम्हाला ऐकून माहीत होतं: कन्फेशनची मोहोर अभंग आहे, शब्दाने किंवा दुसऱ्या कुठल्याही रीतीने, कुठल्याही कारणासाठी, कबुली देणाऱ्याला उघडं पाडायचं नाही. त्याच्या पुढचं ९८४वं आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते म्हणतं, गुपित फुटण्याचा काडीचाही धोका नसला तरी कन्फेशनमध्ये मिळालेलं ज्ञान त्या माणसाच्या तोट्याला वापरायचं नाही.

बोलायचं नाही हे पहिलं कलम. वापरायचंही नाही हे दुसरं. आमचा अख्खा उत्तरार्ध त्या दुसऱ्या कलमावर आपटून फुटला.

मोठ्या फादरनी एक जुनं उदाहरण दिलं; वर्गात शिकवताना देत असावेत. "समजा माझा मदतनीस कन्फेशनला आला आणि म्हणाला, मी तुमच्या कपाटातले पैसे घेतो. मी कपाटाला कधी कुलूप लावत नसेन, तर उद्यापासूनही लावायचं नाही. किल्ली जिथे राहायची तिथेच राहील." मग ते थांबले आणि म्हणाले, "आणि सकाळी त्याने चहा आणून दिला की कालच्यासारखंच हसून घ्यायचा. हे सगळ्यात अवघड."

निनावी चिठ्ठीबद्दल विचारायची गरजच उरली नव्हती, तरी मी विचारलं. अशा उघड भंगाला बहिष्काराची शिक्षा आहे, आणि ती कुणी निकाल देण्याची वाट पाहत नाही. कृत्य घडलं त्या क्षणी आपोआप लागते, आणि तिच्यातून सोडवण्याचा अधिकार रोमने स्वतःकडे ठेवला आहे. आधी हे कलम १३८८ होतं. दंडविषयक भागाची सुधारणा ८ डिसेंबर २०२१ला लागू झाली तेव्हापासून १३८६. नियम मात्र फार जुना. १२१५च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने मोहोर मोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून कडक मठात जन्मभर प्रायश्चित्ताला बसवायचं ठरवलं होतं.

२० जानेवारी

रात्रभर चिडचिड. सकाळी ६८ सीनच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. कन्फेशनमुळे कळलं म्हणून फादर जिथे जिथे काही करतात त्या चिठ्ठ्या उलट्या केल्या. एकतीस उलट्या झाल्या.

ताई आल्या, खाली बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कलम वाकवून सिनेमा काढायचा नाही. ज्यांचा हा संस्कार आहे ते लोक थिएटरात बसलेले असणार."

मलाही तसंच वाटतं. कायद्याचं चित्र मान्य करायचं आणि मग त्याच्या भिंतींच्या आत वाट शोधायची. भिंती खऱ्या असल्या तरच आत अडकलेला माणूस खरा वाटेल. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवलं: कन्फेशन झालंच नसतं तर फादरनी हेच केलं असतं का? उत्तर 'हो' आलं तरच सीन राहणार.

२४ जानेवारी

पूर्वी या वाटेने कोण गेलंय ते पाहण्यात तीन दिवस घालवले.

इंग्रज लेखक चेस्टरटनचा फादर ब्राऊन १९१०पासून रहस्यकथांत गुन्हे सोडवतोय. तो ज्याच्यावरून बेतला ते जॉन ओ'कॉनर हे खरेखुरे धर्मगुरू होते. ब्राऊनला माणसातला वाईटपणा कन्फेशन ऐकून ऐकून कळलेला आहे, पण त्याची भिस्त कुणा एकाच्या कबुलीवर नसते. सगळ्या कबुल्यांतून मिळून आलेली माणसाची जाण त्याच्या कामी येते. आमच्या फादरची बैठक अशीच हवी. आणखी एक धर्मगुरू सापडले ते लेखकांच्या बाजूला. रोनाल्ड नॉक्स हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू आणि रहस्यकथालेखक. त्यांनी १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यात दैवी चमत्काराला मज्जाव आहे, योगायोगाने किंवा आतून वाटलं म्हणून उकल करायला मज्जाव आहे, आणि तपास करणाऱ्याला सापडलेला धागा वाचकापासून लपवायला मज्जाव आहे. धर्मगुरूने चमत्काराला दार बंद करावं हे मला मनापासून आवडलं. आमच्या चर्चमध्येही मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हिचकॉकच्या १९५३च्या 'आय कन्फेस'वर. माँटगोमेरी क्लिफ्टने धर्मगुरू केलाय, चित्रण क्युबेक शहरातलं. खुनी सुरुवातीलाच कबुली देतो आणि पुढे संशय धर्मगुरूवरच येतो. मूळ फ्रेंच नाटक १९०२चं. हिचकॉक स्वतः कॅथलिक घरातला, तरी पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना त्याने हा सिनेमा करायला नको होता असं म्हटलं. जो कॅथलिक नाही त्याला वाटतं, बोलून का टाकत नाही हा? आणि तिथेच प्रेक्षक सुटतो.

आमचा बहुतेक प्रेक्षक कॅथलिक नसणार. म्हणजे ही अडचण आमच्या वाट्याला त्याच्याहून मोठी आहे.

२९ जानेवारी

वाट सापडली! पहाटे लिहितोय.

कन्फेशनचा सीन बाराव्यावरून चौतिसाव्यावर, मध्यंतराच्या तोंडाशी. तोपर्यंत फादर पूर्ण मोकळे आहेत: विचारू शकतात, वह्या चाळू शकतात, पोलिसांकडे जाऊ शकतात. ते अगदी जवळ पोहोचल्यावर खुनी येतो, पलीकडे गुडघे टेकतो आणि कबुली देऊन त्यांचं तोंड बंद करतो. आधी कबुली ही तपासाची सुरुवात होती, आता ती तपासाला ठोकलेलं कुलूप झाली.

यामुळे दुसरंही एक साधतं. पूर्वार्धात फादर काय शोधतात आणि *कोणत्या तारखेला* शोधतात, हेच सिनेमाचं हाड. चौतिसाव्या सीनच्या आधी कळलेलं त्यांचं स्वतःचं आहे. नंतर कळलेलं त्यांचं नाही.

ताईंना सहा वाजता फोन केला. झोपेत होत्या. दोनदा सांगायला लावलं, मग म्हणाल्या, "ये लगेच, आणि चिठ्ठ्या घेऊन ये."

२ फेब्रुवारी

तारीख हाड, तर मांस नोंदवह्यांचं. मोठ्या फादरनी एक दुपार नुसती बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवर दिली आणि मी इतकी पानं उतरवली की बोट दुखतंय.

बाप्तिस्म्याची नोंद एकदा लिहून संपत नाही. माणसाचं पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालं, लग्न झालं, तो धर्मगुरू झाला, तिने संन्यस्त व्रत घेतलं, की ते त्याच नोंदीच्या बाजूला, समासात लिहायचं (कलम ५३५). लग्न दुसऱ्या गावी झालं असेल तर तिथल्या धर्मगुरूने बाप्तिस्मा झाला त्या चर्चला कळवायचं (११२२). म्हणजे माणूस जगात कुठेही जावो, त्याचं लग्न त्याच्या जन्मगावच्या वहीत परत येऊन बसतं. म्हणूनच लग्नाआधी बाप्तिस्म्याचा जुना, घरात जपून ठेवलेला दाखला चालत नाही. नव्याने काढलेला लागतो, कारण समासातल्या नोंदी नव्यावरच उतरतात.

मोठ्या फादरनी मोकळ्या कागदावर चार रेघा मारून समास कसा असतो ते दाखवलं. मुख्य नोंद सरळ, ठळक. समासातली बारीक, वेगळ्या हस्ताक्षरात, वेगळ्या शाईत, बरेचदा वीस-पंचवीस वर्षांनी लिहिलेली. "वाचताना नजर मधल्या नोंदीवर जाते," ते म्हणाले, "मी मुलांना सांगायचो, आधी कडेला बघा."

खुनाचं कारण इथेच होतं. नवरदेव जुना दाखला देतो. हिशेबनीस नियमाप्रमाणे त्याच्या जन्मगावच्या चर्चला नव्या दाखल्यासाठी पत्र टाकतो. उत्तर येतं, त्याच्या समासात आधीचं लग्न. हिशेबनीस चांगुलपणाने आधी मुलाशीच बोलतो. ते उत्तर मग नाहीसं होतं.

आणि फादर? हिशेबनीस गेल्यावर वह्या त्यांच्याकडे येतात. आवक-जावक वहीत त्यांना दिसतं, जावकमध्ये एक पत्र आहे, आवकमध्ये त्याचं उत्तर नाही. सत्ताविसाव्या सीनमध्ये ते इन्स्पेक्टरला एवढंच सांगतात: हे असं आहे, याचा अर्थ मला माहीत नाही. आणि लग्न जवळ आलंय म्हणून स्वतः दुसरं पत्र टाकतात. ही गोष्ट त्या मुलाच्या कानावर जाते. मग चौतिसावा सीन.

कागदाकडे पाहिलं. सगळ्याचं उत्तर 'हो' येतंय, कारण कन्फेशन अजून झालेलंच नाही.

६ फेब्रुवारी

पेच: एकेचाळिसाव्या सीनमध्ये दुसऱ्या पत्राचं उत्तर येतं. आता फादर ते पाकीट फोडू शकतात का?

मी ठामपणे लिहून गेलो होतो की नाही. ते पाकीट न फोडता खणात टाकतात आणि प्रेक्षक हळहळतो. मोठ्या फादरनी हेही खोडलं, या वेळी उलट्या बाजूने. "कन्फेशन झालं नसतं तर फोडलं असतं?" हो. "आणि लग्न थांबवलं असतं?" हो, थांबवावंच लागलं असतं. "मग फोडायचं आणि थांबवायचं. पत्र त्यांनी आधी टाकलंय, काम त्यांच्या हुद्द्याचं आहे. मोहोर त्यांना मुकं करते, आंधळं नाही करत."

आमचाच कागद त्यांनी आमच्यावर वापरला. आता पाकिटाचा सीन पूर्वीपेक्षा कितीतरी जड झालाय. फादर ते फोडतात ते रोजच्यासारखंच, टपालाच्या गठ्ठ्यातलं चौथं, आधी पहिली तीन फोडून. वरचं काढून घाईने फोडायचं नाही आणि शेवटी ठेवायचंही नाही. ताईंनी एवढ्या एका क्रमासाठी अर्धं पान लिहून घेतलं.

९ फेब्रुवारी

आज पळवाटा बंद केल्या. प्रेक्षक ज्या ज्या सुचवेल त्या सगळ्या संवादांत आधीच यायला हव्यात, नाहीतर तो मनातल्या मनात पटकथा दुरुस्त करत बसेल.

'पोलिसांकडे जा, तरच पापक्षमा देतो', असं फादर म्हणू शकत नाहीत. १ जुलै २०१९ला व्हॅटिकनच्या अपोस्टोलिक पेनिटेन्शियरीने (कन्फेशनसंबंधीचे प्रश्न पाहणाऱ्या न्यायपीठाने) याच विषयावर टिपण काढलं. त्यात हे साफ नाकारलंय: दिवाणी न्यायासमोर हजर होण्याची अट क्षमेला घालता येत नाही. खरा पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय मात्र हवाच. तो नसेल तर क्षमा नाही. फादर समजावू शकतात, विनवू शकतात, ते त्याच कन्फेशन बॉक्समध्ये, त्याच वेळी.

खुन्याने नंतर स्वतःच 'सांगा, माझी परवानगी आहे' म्हटलं तर? तरी नाही. त्याच टिपणानुसार ही बांधिलकी त्या माणसाने घातलेली नसते, देवाकडून आलेली असते, म्हणून ती सोडवणं त्याच्या हातात नाही. चर्चच्या न्यायालयात तर कन्फेशनपुरता धर्मगुरू साक्षीदार म्हणून अपात्रच धरलाय, माणसाने विनंती केली तरी (कलम १५५०). तो मेल्यावर? मोहोर राहते.

आणि कबुली खोटी असेल, पश्चात्ताप नसेलच, नुसतं तोंड बांधायला आला असेल तर? इथे मोठे फादर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, जुने पंडित म्हणतात, फसवणुकीच्या हेतूने केलेली कबुली मुळात संस्कारच नव्हे. "पण जाळीच्या अलीकडून मनातलं कसं दिसणार? शंका असेल तिथे मौनाच्या बाजूने राहायचं." खुनी खरा रडत होता की नाही, हे आम्हीही ठरवलेलं नाही. नटाला मात्र आम्ही सांगू की खरा रडतोय.

१३ फेब्रुवारी

घड्याळ सापडलं. म्हणजे गोष्टीतलं.

१८१३मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक खटला झाला. फादर अँथनी कोलमान यांनी चोरीचा माल त्याच्या मालकाला परत केला. माल त्यांच्याकडे कन्फेशनमधून आला होता. कुणी दिला ते सांगायला कोर्टात त्यांनी नकार दिला. डेविट क्लिंटन अध्यक्ष असलेल्या न्यायालयाने त्यांना बोलायला भाग पाडायचं नाही असा निर्णय दिला, आणि १८२८मध्ये न्यूयॉर्कने तसा कायदाच केला.

यातलं 'परत करणं' मी उचललं. आमच्या खुन्याने चोरी वाटावी म्हणून हिशेबनिसाच्या मनगटावरचं घड्याळ काढून नेलंय. कन्फेशनमध्ये तो ते जाळीखालून सरकवतो आणि बायकोला पोहोचवा म्हणतो. फादर ते तिच्या टेबलावर रुमालात ठेवतात. ती विचारते, कुठे मिळालं? ते उत्तर देत नाहीत. संध्याकाळी इन्स्पेक्टर दारात. उत्तरार्धात संशय फादरवर का येतो याचा आता पक्का आधार आहे, आणि तो त्यांनी केलेल्या एका चांगल्या कामातून आलाय.

१७ फेब्रुवारी

सहायकाने सुचवलं, चर्चचा सेवक मोबाईलवर कन्फेशन रेकॉर्ड करतो आणि शेवटी ती फीत बाहेर येते. नको. उपकरणाने कन्फेशन रेकॉर्ड करणं किंवा प्रसारमाध्यमांतून उघड करणं हाही चर्चच्या कायद्यात गुन्हा आहे, पण माझा विरोध वेगळ्या कारणासाठी: फीत आली की मौनाची किंमत शून्य होते.

सेवक मात्र ठेवला. त्याने चुकून चार वाक्यं ऐकली आहेत. ९८३व्या कलमाचा दुसरा भाग अशा माणसालाही गुप्ततेने बांधतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साआधी (चर्चमधल्या उपासनेआधी) दोघं वेदीवरच्या मेणबत्त्या लावतात. दोघांनाही माहीत आहे, आणि समोरच्याला माहीत आहे हेही माहीत आहे. एकही शब्द नाही. लिहायला वीस मिनिटं लागली आणि एक काना बदलावा लागला नाही.

२२ फेब्रुवारी

कलाविभागाची बैठक. कन्फेशन बॉक्सचं चित्र त्यांनी सुंदर काढलं होतं, पण मध्ये सरकता पडदा होता. बदलायला सांगितलं: बॉक्सलाच पक्की बसवलेली जाळी हवी, कायद्यातच आहे, आणि जागा सर्वांना दिसेल अशी (कलम ९६४). फादरच्या गळ्यातला स्टोल (विधीच्या वेळचा लांब पट्टा) जांभळा. नमुना पांढरा आला होता.

जाळीचा नमुना घेऊन आम्ही दोघं अंधारात दोन बाजूंना बसलो. भोकं करंगळीच्या टोकाएवढी. पलीकडे चेहरा दिसत नाही, पण माणूस बोलताना श्वासाने जाळीचं लाकूड गार-गरम होतं ते गालाला कळतं. छायाचित्रकार म्हणाला, चेहऱ्यावर प्रकाश नकोच, जाळीच्या सावल्या फादरच्या कानावर पडू देत. चौतिसावा सीन कानाचा आहे. पुढे पूर्ण सिनेमाभर तो कान कुठेही क्लोजअपमध्ये येणार नाही.

मागच्या भिंतीवर नेपोमुकच्या संत जॉनची छोटी मूर्ती मागवली, डोक्याभोवती पाच तारे. १३९३मध्ये प्रागला राजा चौथ्या वेन्सेस्लासच्या हुकुमावरून त्यांना व्ल्ताव्हा नदीत बुडवलं. खरा वाद एका मठाच्या प्रमुखाच्या नेमणुकीवरून होता. राणीचं कन्फेशन सांगायला नकार दिल्याची कथा मागाहून जोडली गेली, आणि १७२९मध्ये ते संत ठरले. संवादात उल्लेख नाही. ओळखणारा ओळखेल.

२७ फेब्रुवारी

नटाबरोबर पहिली तालीम. झग्यात चालायला तो अडखळत होता. मोठ्या फादरनी दाखवलं, पाऊल उचलायचं नाही, गुडघ्याने कापड पुढे ढकलायचं. अर्ध्या तासात चाल बदलली आणि चाल बदलल्यावर आवाजही खाली आला.

मग अवघड भाग. कन्फेशननंतर फादर पहिल्यांदा त्या मुलाला भेटतात, चर्चच्या पायऱ्यांवर, लोकांत. नट चांगला आहे म्हणूनच त्याच्या डोळ्यांत सगळं येत होतं. ताई प्रत्येक वेळी थांबवत होत्या: "दिसतंय." अकराव्या वेळेला त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी सहज. नववा सीन काढून पाहिला, तिथेही तो खांद्यावर हात ठेवतो. तोच खांदा, तेवढाच वेळ. खोलीत कुणी हललं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोठे फादर खिडकीकडे तोंड करून उभे होते.

५ मार्च

पूर्ण वाचन, बारा श्रोते, त्यात कॅथलिक दोनच. मला भीती होती ती हिचकॉकच्या अनुभवाची. पण एकालाही 'बोलून का टाकत नाही' असं वाटलं नाही. मला वाटतं त्याचं कारण असं: चौतिसाव्या सीनमध्ये प्रेक्षक कबुली ऐकतो (नॉक्सच्या नियमाप्रमाणे लपवत नाही), आणि तिथून पुढे गुपित सांभाळणारा तोही एक होतो. घड्याळाच्या सीनला एक बाई पुटपुटल्या, "गप्प राहा, गप्प राहा." फादर क्षमा देतात की नाही ते आम्ही दाखवलेलं नाही, तेही मोहोरेच्या आतलंच.

मग मागे बसलेल्या एका तरुणीने विचारलं, "आणि तो मुलांना त्रास देणारा असता तर? तेव्हाही तुम्हाला हे मौन सुंदर वाटलं असतं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही, आणि देऊ नये असंच वाटलं. हा प्रश्न जगभर खरा आहे. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांवर २०१७मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात माहिती कळवण्याच्या सक्तीतून कन्फेशनला सूट देऊ नये अशी शिफारस होती. चर्चने मोहोर राखण्याची भूमिका सोडली नाही. ज्या मुलांवर अत्याचार झाले त्यांच्या बाजूने पाहिलं तर मौन हा शब्दच जखमेसारखा आहे. अनेक ठिकाणी वरिष्ठांनी जे दडपलं त्याचा कन्फेशनशी काही संबंध नव्हता, तरी तेही मौनच होतं. आमच्या सिनेमात धर्मगुरूचं गप्प राहणं सोसण्यासारखं दिसणार असेल, तर हा प्रश्न त्याच सिनेमात कुणीतरी फादरच्या तोंडावर विचारला पाहिजे.

८ मार्च

तो प्रश्न हिशेबनिसाच्या बायकोला दिला. सीन ५३. घड्याळ तिच्या हातात आहे. ती म्हणते, "तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून चहा पिताय." फादरना मी तीन वेगवेगळी उत्तरं लिहून पाहिली. तिन्ही तर्काला धरून होती आणि तिन्ही तिच्यासमोर हलकी पडत होती. मोठ्या फादरना विचारलं, तुम्ही काय म्हणाला असता? ते म्हणाले, "मी उठून गेलो नसतो."

तेच ठेवलं. ती बोलत राहते, ते बसून राहतात, बाहेर अंधार पडतो, ती उठून दिवा लावते. दोन पानं. संवाद सगळे तिचे.

१४ मार्च

शेवट पक्का. उकल इन्स्पेक्टरची. लग्न थांबतं, गावभर कारण कळतं, आणि त्याला सत्ताविसाव्या सीनमधलं आवक-जावकचं बोलणं आठवतं. तो स्वतः जन्मगावच्या चर्चला जातो, वही उघडायला लावतो आणि समासावर बोट ठेवतो. नंतर फादरकडे येऊन विचारतो, "तुम्हाला माहीत होतं ना?" फादर म्हणतात, "मला माहीत होतं ते मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं." शब्दन् शब्द खरा आहे. मोठ्या फादरनी हे वाक्य दोनदा वाचलं, दुसऱ्या वेळी पेन्सिलने हळूच तपासलं आणि पान उलटलं.

शेवटचा सीन नोंदवहीचा. हिशेबनिसाच्या मृत्यूची नोंद इतके दिवस कोरी राहिलेली असते, कारण वह्या भरणारा तोच होता. फादर नाव लिहितात, तारीख लिहितात, दफनाची जागा लिहितात. शाई सुकेपर्यंत थांबतात.

उद्या जाळीचा पक्का नमुना येतोय, कलाविभागाला सकाळी सातची वेळ दिली आहे. स्टोल जांभळाच आलाय का ते मी स्वतः जाऊन पाहणार.